माळरानावर झाडं लावणं थांबवा

गवत्या:
पावसाळा आला की बारामती-सोलापूर पट्ट्यात माळ हिरवे करायची लगबग सुरू. २०१९ला तर राज्याचं उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचं होतं. अहो, पाऊस जेमतेम ५००-६०० मिमी, माती वीतभर, खाली मुरूम. हा माळ गवताचाच, कागदोपत्री मात्र 'पडीक'. ४५ सेंमीचा खड्डा घेतला की मुरूम वर येतो आणि त्यावर पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं धरत नाहीत. झाड जगलंच तर कावळ्यांना बसायला जागा होते. धाविक, चंडोल यांची जमिनीवरची अंडी त्यांना आयती दिसतात. माळढोकाची मादी तर बहुधा एकच अंडं घालते.

रोपवाटिका:
गावालगतचा माळ पाहिलाय का? बारमाही चराई, पवन्या संपला, उरली कुसळी. वळिवाच्या पहिल्या सरीत माती ओढ्यात. रोपवन झालं की निदान राखणदार येतो, चराई थांबते. नाहीतर उद्या तिथे मुरमाची खाण. आणि बोर, हिवर माळावर असतातच की!

गवत्या:
असतात, पण तुरळक. तुम्ही लावता ३ बाय ३ मीटरवर, म्हणजे हेक्टरी ११११, तीही बऱ्याचदा गिरिपुष्प, कारण गुरं सहसा तोंड लावत नाहीत. गवत सुधारतं ते चराईबंदीने. श्रेय रोपांना कशाला?

कुरणवाला:
बंदीच हवी तर खड्डे न घेता करा. माळाचे चार भाग पाडा, त्यातला एक भाग जून ते ऑक्टोबर बंद, दरवर्षी भाग बदला. पवन्या बी झडल्यावर, नोव्हेंबरात कापा. कुसळीचं उलट, ती फुलोऱ्याआधीच. कुसळं कडक झाली की मेंढरांच्या तोंडात रुततात. उघड्या जागी मारवेलाचं बी चाळलेल्या मातीत आणि शेणखतात कालवून पावसाच्या तोंडावर फेका. वर माती ओढू नका, बी खोल गेलं की उगवत नाही. गवत वाळायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढा, नाहीतर एका विडीत सगळं खलास.

रोपवाटिका:
कागदावर झकास. धनगरांचे कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात, पावसाळ्यात नेमके इथेच असतात. त्याच महिन्यांत बंदी?

कुरणवाला:
चारातला एकच भाग बंद, आणि तो कोणता हे धनगरांना विचारूनच ठरवायचं. रोपवनात सगळा माळ काही वर्षं सलग बंद असतो, तेव्हा कुणी विचारतं का त्यांना?