फेसहून शेफशावेन एका दिवसात: छोट्या ग्रुपची व्हॅन घ्यावी का?

कोथरूडची_सून
मंडळी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं मोरोक्कोला निघालोय: मी, नवरा, लेक (११) आणि सासूबाई (६९). फेसला चार रात्रींचं बुकिंग झालंय, रद्द केलं तर पैसे परत नाहीत. सासूबाईंना कुणीतरी व्हॉट्सॅपवर त्या निळ्या गावाचा, शेफशावेनचा, फोटो पाठवला, तेव्हापासून एकच धोशा. फेसहून सकाळी नेऊन रात्री परत आणणारी 'छोट्या ग्रुपची' व्हॅन माणशी ४० युरोला दिसतेय. कुणी गेलंय का? सासूबाईंना गाडी लागते, डावा गुडघा दुखतो. आम्ही शाकाहारी. चौघांचे मिळून १६० युरो, त्यावर एक पैसा नाही.

सांगलीचा_फिरस्ता
एका दिवसात अजिबात करू नका. अंतर २०० किमीच्या आसपास, पण शेवटचा टप्पा रिफच्या डोंगरातला, चार तास धरा. म्हणजे आठ तास गाडीत आणि गावात तीन-साडेतीन तास, त्यातला एक जेवणात जाणार. तिथे रात्र काढा. सकाळी आठच्या आत गल्ल्यांत फक्त मांजरं असतात, अकराला व्हॅन येऊ लागल्या की जत्रा. आम्ही दोन रात्री राहिलो, खोली ११० युरोची होती, पण गच्चीवरून सगळं गाव दिसायचं. पैसा वसूल.

कोथरूडची_सून
धन्स. पण फेसचे पैसे परत मिळणार नाहीत हे वर लिहिलंय हो.

मेघनाताई_लंडन
सरळ प्रायव्हेट गाडी करा. आम्ही १८० दिले. मध्ये वज्झानजवळ थांबून ऑलिव्ह घेतले, चहा प्यायलो, कुणाची घाई नाही. सुट्टीवर जाऊन चिकटपणा कशाला?

कोथरूडची_सून
१६०.

खडूस_काका
जोधपूरची ब्रह्मपुरी पाहिलीत का? तीही निळी. शिवाय दालबाटी मिळते.

अर्धा_तिकीट
काका, प्रश्न काय आणि उत्तर काय! ताई, माझा अनुभव ऐका. आम्हालाही 'छोटा ग्रुप' म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात सतरा जण. मी शेवटच्या रांगेत मधोमध. वळणं सुरू झाल्यावर शेजारच्या गृहस्थांनी सकाळचा नाश्ता माझ्या बुटांवर परत केला. बुकिंगच्या आधी दोनच गोष्टी लेखी घ्या: व्हॅनमध्ये जास्तीत जास्त किती माणसं, आणि सासूबाईंना ड्रायव्हरशेजारची सीट. एव्होमिन निघायच्या तासभर आधी, डॉक्टरांना विचारून. आवळा सुपारीवर भागणार नाही.

सांगलीचा_फिरस्ता
म्हणूनच म्हणतोय, रात्र काढा.

तांजेवाला
मुळात फेसहून जाणंच चूक. तांजेहून (टँजियर) ११० किमी, दोन-अडीच तासांत गावात. कासाब्लांकाहून तांजेला वेगवान रेल्वे २०१८ पासून सुरू आहे. शेफशावेनला मात्र रेल्वे नाही, पुढे बस किंवा ग्रँड टॅक्सी (गावोगाव जाणारी शेअर टॅक्सी). तुमचं विमान तांजेला वळवता येईल का बघा.

कोथरूडची_सून
विमान वळवू?? 🙏

गुडघेमोडी
गुडघ्याचं कुणीच बोलेना म्हणून लिहिते. गाव डोंगराच्या कुशीत, जुन्या वस्तीत व्हॅन जात नाही, सगळीकडे पायऱ्या. ती डोंगरावरची स्पॅनिश मशीद सोडून द्या, फोटो सुंदर येतो पण चढ आहे. व्हॅनमधून उतरलात की निळी छोटी टॅक्सी करा आणि रास एल-मा झऱ्यापाशी जा. तिथून उतारावरून हळूहळू उता एल-हम्माम चौकात. चौकात कसबा (जुना किल्ला) आहे, समोर हॉटेलं. सासूबाईंना पुदिन्याचा चहा देऊन बसवा आणि तुम्ही गल्ल्या हिंडून या.

डॉ_नाहीये_पण
गुडघेदुखीला चढापेक्षा उतार वाईट. माझ्या आईचा गुडघा सिंहगड उतरतानाच बोलला होता.

गुडघेमोडी
मग काठी घ्या! झऱ्यापासून चौक म्हणजे काही सिंहगड नाही.

अर्धा_तिकीट
जेवणाचं राहिलं. 'बिसारा' मागा. सुक्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांचं घट्ट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. पिठल्याच्या चुलतभावासारखं लागतं. तिथलं शेळीच्या दुधाचं ताजं चीजही छान. हरीरा सूप विचारल्याशिवाय घेऊ नका, बहुतेक वेळा मांसाचा रस्सा असतो. उत्तरेत स्पॅनिश चालतं, 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय. शुक्रवार टाळा, दुपारी बरीच दुकानं बंद असतात.

मेघनाताई_लंडन
बिसारा आम्हीही खाल्लं. ठीक होतं.

नवा_ड्रोनवीर
ड्रोन नेऊ नका!! परवानगीशिवाय देशात आणताच येत नाही. माझा विमानतळावरच ठेवून घेतला, परतताना पावती दाखवून सोडवायला दोन तास गेले. विमान सुटता सुटता वाचलं.

कोथरूडची_सून
आमच्याकडे ड्रोन नाहीये, पण बरं.

इतिहासप्रेमी_७१
गाव निळं का, हे माहीत असावं. १४७१ साली मौले अली बेन राशिदने पोर्तुगीजांना रोखण्यासाठी इथे गढी बांधली. पुढे स्पेनमधून हाकललेले मुसलमान आणि ज्यू इथे वसले. निळा रंग ज्यूंचा, आभाळाची आठवण म्हणून.

खडूस_काका
डासांसाठी आहे तो. निळ्याला डास बसत नाहीत.

तांजेवाला
दोन्ही ऐकीव. कुणी म्हणतं १९३० च्या दशकात आलेल्या ज्यूंनी सुरू केलं, कुणी म्हणतं उन्हाळ्यात गारवा राहतो म्हणून. आता रंग काढतात तो पर्यटकांसाठी. काही दारांपुढे कुंड्या मांडून फोटोचे पाच-दहा दिरहम मागतात, सुटे ठेवा.

इतिहासप्रेमी_७१
पुरावा?

सांगलीचा_फिरस्ता
किफचं (तिथल्या गांजाचं) कुणी सांगितलं नाही. गल्लीत पोरं कानाशी येऊन विचारतात. 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) म्हणून चालू लागायचं.

अर्धा_तिकीट
ते आता कायदेशीर झालंय ना?

तांजेवाला
२०२१ चा कायदा औषधी आणि औद्योगिक वापरासाठी, तोही ठरावीक प्रांतांत परवान्याने. तुमच्या-आमच्यासाठी गुन्हाच. विषय सोडा.

कोथरूडची_सून
सगळ्यांचे आभार. धागा सासूबाईंना वाचून दाखवला. रात्र काढा हे त्यांनी तीनदा ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला ते गाव बघायचंय, तिथे नांदायचं नाहीये." व्हॅन बुक केली, बुधवारची. कंपनीला मेल केला होता, आठ माणसं आणि पुढची सीट असं लेखी आलंय. बरोबर १६० युरो. गुडघ्यावर बसून चहा प्यायची योजना मान्य नाही, लेकीचा हात धरून त्या झऱ्यापर्यंत *चढत* जाणार म्हणे.

सांगलीचा_फिरस्ता
चूक करताय. परत आल्यावर लिहा. हे माझं शेवटचं पोस्ट.

डॉ_नाहीये_पण
गुडघ्यावर बसून चहा? 😀 बाकी चढाचं म्हणाल तर मी आधीच सांगितलं होतं.

नवीन_सदस्य_४४
धागा वाचला, छान माहिती. या व्हॅनमध्ये सामान ठेवायला जागा असते का? तिथली लोकरी घोंगडी आणायचीत, तीन.

मेघनाताई_लंडन
मी दोन आणली. पहिल्याच धुण्यात एकीने रंग सोडला, नवऱ्याचे सगळे बनियन निळे.