पोर परत द्यायच्या आधी आईबापाची नशा तपासावी का?

सेलूकर:
काल एका ताईंनी इथं लिहिलं: "अमेरिकेत पोर परत द्यायच्या आधी कोर्ट आईबापाची लघवी तपासायला लावते. घरातून काढलेल्या पोराचं काय करायचं ते ठरवणाऱ्या आपल्या बाल कल्याण समितीनंही तेच करावं. नशा निघाली की पोर बालगृहात." रात्री झोप नाही लागली, म्हणून लांबण लावतो.

ताई, रोज ओढणाऱ्याचा गांजा लघवीत महिनाभरानंतरही सापडू शकतो. दारू मात्र फुंकायच्या मशीनवर दिवसाभरानंतर सापडत नाही. दारूची खूण लघवीत शोधणारी वेगळी चाचणी आहे, पण तीही तीनेक दिवसांचंच मागचं सांगते. म्हणजे गांजा ओढून पोराला वेळेवर जेवू घालणारा अडकणार, अन् समितीपुढच्या पेशीआधी चार दिवस कोरडा राहिलेला मारकुटा सुटणार. शिवाय तिकडं कित्येक कोर्टं चुकलेला नमुना नशा निघाली असंच धरतात. आमच्या गावाहून जिल्ह्याला दोन एसट्या. सोयाबीनची सोंगणी सोडून बाई नमुना द्यायला निघाली अन् गाडी चुकली, तर पोर गेलं म्हणायचं?

कारंजावाली:
मीच ती ताई. दादा, एसटीचं टाइमटेबल झालं वाचून? आता माझ्या भाच्याचं ऐका. बहीण वारली तवा तो ७ वर्षांचा. बाप त्याले बाटली आणाले धाडे. आम्ही पोरांच्या हेल्पलाइनले, १०९८ ले फोन लावला. समितीपुढं भाऊजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाले गंध लावून आले. "सोडली ताई, पोराची आण." पोरगा परत गेला. दीड महिन्यात त्याचा हात मोडला. त्या दिवशी एकदा फुंकाले लावलं असतं तं?

सेलूकर:
वाईट झालं. पण फुंकूनही काही निघालं नसतं, तो तयारीनंच आला होता. अन् पोराकरवी दारू आणवणं हाच बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्याला लघवीची बाटली कशाला? शेजाऱ्याला विचारलं असतं तरी पुरे होतं.

कारंजावाली:
शेजारी त्याच्याच संगं बसे.

चांदेकर:
अन् वर्ध्यात कोणाची चाचणी करता? तो जिल्हा सत्तरच्या दशकापासून कोरडा हाय. कागदावर तं तिथं कोणी पेतच नाही! आमच्या चंद्रपुरात २०१५ ले बंद केली, २०२१ ले उघडली. मधल्या काळात दारू घरपोच येऊन राहिली होती, तेही दुप्पट भावानं.

गडचिरोलीचा मास्तर (निवृत्त):
घरपोच येत होती म्हणून उघडायची? चोऱ्या थांबत नाहीत म्हणून कुलपंही काढा मग. आमच्याकडं १९९३ पासून बंदी आहे, ती बायांनी मागून घेतली. पूर्वी पगाराच्या दिवशी दुकानासमोर काय चाले, ते मी पाहिलंय.

चांदेकर:
मास्तर, पगार तुमचा होता. आमच्या इथं रोजी. अन् मोहफुलाची दारू? लग्नात देवापुढं मोहाची ठेवतात, मग सगळे घेतात. दुसऱ्या दिवशी समितीवाले आले तं अख्ख्या पाड्याची पोरं गाडीत भरतील काय?

मास्तर:
मोहाचं नाव घेऊन स्वतःची देशी लपवू नका.

चांदेकर:
मी पेत नाही बे. बाप पेत होता. म्हणून तं बोलून राहिलो.

खर्राप्रेमी:
एकच शंका. चाचणीत खर्रा, म्हंजे सुपारी-तंबाखू, मोजणार का? मोजला तं समितीच्या खुर्च्याही खाली होतील.

सेलूकर:
धागा दारूबंदीवर नव्हता, मंडळी. मुद्दा असा की समितीत अध्यक्ष अन् ४ सदस्य बसतात, त्यांच्यापुढं घरचा चौकशी अहवाल यायला पाहिजे. पोर शाळेत जाते का, चूल पेटते का, अंगावर वळ आहेत का, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. ताईंच्या भाऊजीकडं कोणी गेलं होतं?

कारंजावाली:
कोणीच नाही. अहवाल फोनवर लिहिला.

सेलूकर:
बघा! अन् तुम्ही मशीन मागून राहिल्या.

कारंजावाली:
मंग दोन्ही मागते. माणूस घरी जात नाही, तं निदान मशीन तरी खोटं बोलत नाही.

सेलूकर:
बरं, ठेवा फुंकणी. पण तेवढ्या एका आकड्यावर पोर हिसकू नका, अन् परतही देऊ नका. झालं समाधान? उद्या गावचा पाटील म्हणेल, मजुरांचीच तपासा, माझी नको.

चांदेकर:
पाटलाची तपासाले मशीन फुटंल.

कारंजावाली:
समाधान कायचं होते? हात जुळला, जरासा वाकडा. पोरगा आता माझ्याजवळ राह्यते. भाऊजी महिन्यातून एकदा भेटाले येते. मी दारातच उभं करते, जवळ जाऊन तोंडाचा वास घेते. आला तं तिथूनच माघारी. मागच्या खेपेले नव्हता. पोहे केले, दोघं बापलेक ओसरीवर बसून जेवले. मी आतून पाहत होती.

मास्तर:
चंद्रपूरच्या आकड्यांवर सकाळी लिहितो. सोडणार नाही.