ट्रेलसाठी पहिले शूज घेतेय, आधी कशाकडे बघू? ग्रिप, साईज की वॉटरप्रूफ?

पहाटपळ:
नमस्कार मंडळी, तीन वर्षं रोडवर पळतेय, चार हाफ मॅरेथॉन झाल्या, आता २५ किमीच्या ट्रेल रेसला नाव दिलंय आणि दहा आठवडे हातात आहेत. रूट असा की पहिले सहा किमी कच्चा गाडीरस्ता, मग जंगलातली पायवाट, मधे दोन ओढे ओलांडायचे आणि शेवटचे पाच किमी सलग उतार, त्यात मोकळे दगड आणि ओला कातळ. मागच्या महिन्यात तसल्याच उतारावर रोडचे शूज घालून पळून बघितलं तर दोनदा घसरले, हाताला चांगलंच खरचटलं आणि घरी येऊन बघते तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी. आता नीट ट्रेलचे शूज घ्यायचेत पण वाचायला बसलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो, कोणी म्हणतं खोल लग्स घ्या, कोणी म्हणतं जाड कुशन घ्या, कोणी म्हणतं ओढे आहेत म्हणजे वॉटरप्रूफच हवेत. एकच जोड घेणार आहे आणि पुढच्या वर्षी ५० किमी करायची मनापासून इच्छा आहे, त्यालाही तोच चालावा. तुमचे अनुभव सांगा प्लीज.

डोंगरवाट:
तुम्ही रूट नीट लिहिलात ते फार बरं केलंत, बहुतेक जण नुसतं "चांगले ट्रेल शूज सुचवा" म्हणतात आणि मग काय सांगणार. लग्स म्हणजे सोलवरचे ते खुंट, त्यांची खोली जमिनीप्रमाणे ठरते. कडक माती, मुरूम, कच्चा रस्ता असेल तर ३-४ मिमी पुरतात. सगळंच थोडं थोडं असेल तर ४ ते ५. आणि पाय रुतणारा चिखल, ओलं गवत असेल तर ६ ते ८, इनोव्ह-८ च्या मडक्लॉला ८ मिमीचे आहेत ते त्याचसाठी. पण नुसती खोली बघू नका, दोन लग्समधली जागाही बघा, दाटीवाटीने असतील तर चिखल मधेच भरून राहतो आणि मग सोल सपाट झाल्यासारखाच, लांब लांब असतील तर पाऊल उचललं की चिखल झडून जातो. तुमच्या सहा किमी कच्च्या रस्त्यावर ८ मिमीचे घातलेत तर चवड्याखाली खडे भरल्यासारखं टोचेल आणि लग्स झिजतील ते वेगळंच. तुम्हाला ४-५ वालेच. होकाचा स्पीडगोट या वर्गातला आहे, लग्स ५ मिमी, ड्रॉप, म्हणजे टाच चवड्यापेक्षा जितकी उंच तो फरक, ४-५ मिमी. (नाव कार्ल मेल्त्झरच्या टोपणनावावरून पडलंय, शंभर मैलांच्या कितीतरी शर्यती जिंकलेला माणूस.)

कातळपाय:
वरच्यांशी सहमत, फक्त ओल्या कातळाबद्दल थोडं वेगळं सांगतो कारण तुम्ही घसरलात ते तिथे. मातीत लग्स रुततात म्हणून पकड मिळते, कातळात रुतायला काही नसतंच, तिथे रबर दगडाला किती चिकटतं आणि किती रबर टेकतं एवढाच हिशोब. म्हणजे खोल टोकदार लग्सवाला शूज ओल्या कातळावर उलट जास्त घसरतो, कारण टेकतात ती नुसती टोकं. मऊ रबर कातळावर धरून राहतं पण डांबरावर भराभर झिजतं, त्यामुळे असे शूज घालून घरापासून ट्रेलपर्यंत रोडने पळत जाऊ नका, जीव तुटतो ते बघून.

सोल बनवणाऱ्या व्हिब्रमचं मेगाग्रिप रबर शूजच्या बऱ्याच कंपन्या वापरतात, ते ओल्यावर मला भरवशाचं वाटलंय. व्हिब्रम हे नाव व्हिताले ब्रामानीचं, इटलीतला गिर्यारोहक, १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्याचे सहा साथीदार दगावले, त्या वेळच्या बुटांचा त्यात वाटा होता असं त्याला वाटलं आणि त्यातून त्याने रबराचा सोल तयार केला. दर वेळी नाडी बांधताना मला हे आठवतं. बाकी शेवाळावर कुठलंच रबर धरत नाही हे लक्षात असू द्या, तिथे पावलं छोटी टाकायची आणि अंग मागे झुकू द्यायचं नाही, मागे झुकलं की टाच सटकते.

लांबपल्ला:
तुमच्या काळ्या नखांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. उतारावर पाय शूजमधे पुढे सरकतो आणि अंगठा दर पावलाला समोर आपटतो, नखं त्यानेच काळी पडतात. उपाय दोन. एक साईज, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, आणि शूज संध्याकाळी बघायला जा कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, लांब पळताना त्याहून जास्त सुजतात. दोन नाडी, अगदी वरचं जादा भोक असतं ना जे सगळे रिकामं सोडतात, त्याच बाजूच्या दोन भोकांत नाडीचा छोटा फासा करायचा आणि समोरच्या नाडीचं टोक त्यातून ओवून मग ओढायचं, टाच जागेवर बसते आणि पाय पुढे घसरत नाही. मोठी साईज घेऊन नाडी ढिली ठेवलीत तर काहीच उपयोग नाही, उलट टाचेला फोड येतील.

आणि ५० किमीचं म्हणाल तर अंतर किलोमीटरमधे मोजू नका, तासांत मोजा. यूटीएमबीचंच बघा, आल्प्समधली मों ब्लां डोंगराभोवतीची प्रसिद्ध ट्रेल रेस, १७० किमीच्या आसपास अंतर आणि १०,००० मीटरच्या जवळपास चढ, २०२२ मध्ये पहिल्या आलेल्या किलियन जोर्नेटने ती २० तासांच्या आत संपवली आणि शेवटच्या माणसासाठी मुदत असते साडेशेचाळीस तास. रूट एकच, पण दुप्पट वेळ पायावर असणाऱ्याला हलका, पातळ शूज घालून चालणार नाही, त्याला तळव्याखाली जास्त फोम लागणार आणि बोटांना पसरायला जागा लागणार. तुम्ही २५ किमीला किती तास धरलेत?

सावकाश_पण_रोज:
वॉटरप्रूफ घेऊ नका. ओढ्यात पाणी वरून, घोट्याकडून आत शिरणार, आणि एकदा शिरलं की तोच थर ते बाहेर पडू देत नाही, मग तास दोन तास पाय पाण्यात. साधी जाळी असलेला घ्या, दहा मिनिटांत बरंचसं पाणी निथळतं. वॉटरप्रूफ थंडीत, बर्फात, दवाच्या गवतात ठीक. मोजे सुती अजिबात नकोत, भिजले की फोड नक्की.

पहाटपळ:
बापरे, एका दिवसात एवढं! मनापासून आभार. २५ ला साडेचार तास धरलेत, ५० ला दहा तरी लागतील. अजून एक शंका, माझ्या रोडच्या शूजचा ड्रॉप १० मिमी आहे आणि मैत्रीण अल्ट्राचे लोन पीक वापरते, शून्य ड्रॉप, पुढे भरपूर रुंद. घालून बघितले तर बोटांना इतकं मोकळं वाटलं की काढावेसे वाटेनात. घेऊ का?

लांबपल्ला:
शूज छान आहे पण या रेससाठी नको. टाच खाली आली की पोटरी आणि टाचेमागची शीर दर पावलाला जास्त ताणली जाते, १० वरून शून्यावर यायला काही महिने द्यावे लागतात आणि तुमच्याकडे दहा आठवडे, त्यात चढाचा सराव. मी ही घाई केली होती आणि सहा आठवडे पळणं बंद करून बसावं लागलं, फार वाईट गेले ते दिवस. तुम्हाला आवडली ती रुंदी, ती ४ ते ८ ड्रॉपवाल्यांतही मिळते, तसा शोधा.

डोंगरवाट:
आणि फोम फार उंच नको. जाड सोलवर आडव्या उतारावर पाय कलंडतो, घोटा मुरगळायला तेवढं पुरतं. दुकानात असाल तर एका पायावर उभं राहून शरीर डावी-उजवीकडे झुकवा, पाय आत डळमळला तर तो जोड ठेवून द्या. मोकळे दगड आहेत म्हणून मिडसोलखाली (सोलमधल्या फोमच्या थराखाली) रॉक प्लेट, म्हणजे दगड टोचू नये म्हणून घातलेली पातळ कडक पट्टी, आहे का तेही विचारा, नसली तर निदान फोम इतका घट्ट हवा की टोकदार दगड थेट तळव्याला लागू नये.

पहाटपळ:
काल संध्याकाळी जाऊन आले. आधी दोन्ही पाय मोजले तर डावा उजव्यापेक्षा चक्क ५ मिमी लांब, इतकी वर्षं माहीतच नव्हतं, म्हणजे डाव्याच्या मापाने घ्यायचा. चार जोड घातले, एकात एका पायावर उभी राहिले तर सरळ बाजूला कलले, एक पुढे निमुळता. शेवटी लग्स ५, ड्रॉप ६, साधी जाळी आणि नेहमीपेक्षा एक साईज मोठा असा घेतला. नाडीचा फासा घालून दुकानाच्या जिन्यावरून पाच वेळा खाली उतरले, एकदाही अंगठा टेकला नाही!! रविवारी मुद्दाम ओढ्यातून जाऊन १२ किमी करणार आहे.

सावकाश_पण_रोज:
मस्त. रेसला जे मोजे घालणार तेच घाला, आणि ओढ्यानंतर दोनेक किमी गेलात की थांबून नाडी परत आवळा, भिजली की ढिली पडते.