मदत हवी आहे: सायलेंट हिलमधल्या नर्सेससारखा सीन कसा करायचा?
मंडळी, २००६ चा सायलेंट हिल हा हॉरर सिनेमा, कोनामी कंपनीच्या व्हिडिओ गेमवरचा, त्यात टॉर्चचा उजेड पडला की पुतळ्यासारख्या उभ्या नर्सेस झटके देत हलायला लागतात तो सीन आठवतोय? मला वाटायचं सगळं कॉम्प्युटरवर केलंय, पण त्या खऱ्याखुऱ्या डान्सर आहेत, त्यातला पिरॅमिड हेड नावाचा राक्षस झालेल्या रॉबर्टो कँपनेलानेच त्यांच्या हालचाली बसवल्या, म्हणूनच तो सीन इतका अंगावर येतो. आम्ही चौघं तसलीच शॉर्टफिल्म करतोय पण कापडी मास्क घातला की मैत्रिणीला समोरचं काहीच दिसत नाही, काल दोनदा दाराला धडकली बिचारी. डोळ्यांपाशी जाळीचं कापड लावलं तर कॅमेऱ्यात कळेल का? आणि झटके तिनेच द्यायचे की एडिटिंगला स्पीड बदलायचा? प्लीज सांगा, रविवारी शूट आहे.