सोलापूरकडची जुनी प्लेगची साथ, लायब्ररीत नेमकं काय मागायचं?

कडक_भाकरी:
मंडळी जरा मदत करा. आमची आजी सांगायची की तिच्या सासूच्या वेळी घरात उंदीर पडला म्हणून अख्खं बिऱ्हाड उचलून शेतात झोपडी घालून राहिले, तरी दोन दीर गेलेच "गाठीच्या तापात". साल कुणालाच माहीत नाही. एका वाचनालयात जाऊन वैद्यकाचा इतिहास पाहिजे म्हणालो तर तिथल्या काकांनी घरगुती औषधांचं कपाट दाखवलं, "मूळव्याधीपास्नं मधुमेहापर्यंत समदं हाय बघा हितं" 😄 मग नेटवर १८८४ चं सोलापूर गॅझेटियर उघडलं, दोन रात्री घातल्या, त्यात हा प्लेग कुठंच नाही.

जुनी_गिरणी:
अहो कसा असेल, हा प्लेग मुंबईत आला १८९६ ला आणि तुम्ही बसलाय १८८४ चं पुस्तक घेऊन. त्याच्या पुढचे सॅनिटरी कमिशनरचे वार्षिक रिपोर्ट बघा, त्यात जिल्हावार मृत्यूचे तक्ते असतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ब्रिटिश हिंदुस्थानातले वैद्यकीय रिपोर्ट स्कॅन करून फुकट ठेवलेत, घरबसल्या चाळता येतात. फक्त सर्च करताना "शोलापूर" टाका, इंग्रजीत एस नंतर एच, नाहीतर काही घावत नाही. बाकी उंदीर पडला की गाव सोडायचं हे आपल्या लोकांना कळत होतं, प्लेग पिसवांमुळं पसरतो हे सिमों (Simond) नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ ला कराचीत दाखवलं.

पुस्तकवाली_ताई:
मी लायब्ररीतच काम करते म्हणून सांगते, रागावू नका त्या काकांवर. विषय सांगून मागितलं की असंच होणार, साल सांगून मागा. १८९७ ते १९२० ची वर्तमानपत्रं, मासिकं, जुनी पंचांगं, नगरपालिकेचे रिपोर्ट जे असेल ते द्या म्हणा. आणि रोगाची जुनी नावं लिहून न्या: देवी, पटकी (कॉलरा), गाठीचा ताप (प्लेग), मानमोडी. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, घरच्या गोष्टींत प्लेग आणि मानमोडीची हमखास सरमिसळ होते. एक वाईट वाटतं, बाइंडिंग करताना जुन्या मासिकांची कव्हरं आणि जाहिरातींची पानं फाडून टाकायचे. तापाच्या गोळ्या, धातुपुष्टी, खरजेचं मलम, लोक खरंच काय घेत होते ते त्या पानांवरच होतं. आमच्याकडं एका अंकाचं मागचं कव्हर चुकून राहिलंय, त्यावर कुणीतरी पेन्सिलीनं वाणसामानाचा हिशोब केलाय, मला तर लेखांपेक्षा तेच आवडतं.

हुरडा_लव्हर:
लायब्ररी राहू द्या, कोतवाल बुक बघा. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. सध्या सगळे जातीच्या दाखल्यासाठी चाळतायत पण त्यात मरणाचं कारण पण लिहिलेलं असतं हे कुणी बघतच नाही. लगेच खूश होऊ नका, बहुतेक ठिकाणी कारण एकच, "ताप". मलेरिया ताप, टायफॉइड ताप, ज्याला काय झालं कळलं नाही तो पण ताप. त्यामुळं एक ओळ बघून उपयोग नाही, महिना मोजायचा, एरवी दोनतीन जाणाऱ्या गावात एकदम वीसबावीस ओळी दिसल्या की समजायचं.
अवांतर: सोलापूर आणि वैद्यक म्हटलं की आपण डॉ. कोटणीसांवर येऊन थांबतो. १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला तिथंच वारले, माणूस मोठाच, पण गावोगाव फिरून देवी काढणाऱ्या, म्हणजे देवीची लस टोचणाऱ्या माणसाबद्दल कुणी चार ओळी लिहिल्यात का बे?

कडक_भाकरी:
सगळ्यांना दंडवत. ताईंचं वाचून लगेच चुलत्यांना फोन लावला, मानमोडी तर नव्हती ना म्हणून. ते म्हणाले छे, उंदीर तर पडलेच आणि मागनं घरातलं मांजर पण मेलं असं त्यांच्या आईनं सांगितलेलं. म्हणजे प्लेगच. सोमवारी तहसीलला जातोय कोतवाल बुकासाठी, पण ते सगळं मोडीत असणार. इथं कुणी मोडी वाचणारं आहे का? चहा आणि शेंगाचटणी माझ्याकडून.