मदत हवी आहे: एकाच खेळाडूचे गुण दोन ठिकाणी वेगळे? (फँटसी फुटबॉल)

राजेंद्रनगर_इंदूर
मंडळी, ऑफिसच्या लीगमध्ये अडकलोय. साइट माझ्या खेळाडूला १२ दाखवते, लीगचं ॲप ६. खरं कोणाचं? फ्लोअर, सीलिंग, एडीपी, बाय हे काय प्रकरण आहे? उद्या लाइन-अप लावायचीय, लवकर सांगा.

बडोद्याचे_मामा
कॅप्टन कोण? त्याचे गुण दुप्पट होतात. डिफेंडर घे, संघाने गोल खाल्ला नाही की क्लीन शीटचे ४ मिळतात. प्रोजेक्शन मी बघतच नाही.

राजेंद्रनगर_इंदूर
कॅप्टन? आमच्यात नाही असलं काही. क्लायंट अमेरिकेतला, लीग त्यांचीच.

ग्वाल्हेरची_मंजू
अरे, मग आधी सांगायचं ना! ही एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल; मामा इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं सांगतायत. पीपीआर आहे की स्टँडर्ड?

राजेंद्रनगर_इंदूर
साधीच असेल. मागच्या सामन्यात ६ कॅच, ६२ यार्ड, टचडाउन नाही. साइटवर १२.२, आमच्यात ६.२.

ग्वाल्हेरची_मंजू
मग सापडलं की! १० यार्डांना १ गुण, म्हणजे ६.२. पीपीआरमध्ये प्रत्येक कॅचचा आणखी १, म्हणून १२.२. तुमची लीग स्टँडर्ड आहे. साइटवर स्कोअरिंग बदल, प्रोजेक्शनही खाली येईल.
प्रोजेक्शन हा सरासरी अंदाज. फ्लोअर म्हणजे वाईट दिवशीही साधारण मिळतील ते गुण, सीलिंग म्हणजे जमून आलं तर. बाय म्हणजे त्या आठवड्यात संघाला सुट्टी, गुण शून्य. एडीपी म्हणजे ड्राफ्टमध्ये, सुरुवातीला संघ निवडताना, खेळाडू सरासरी कितवा उचलला जातो ते; तेवढ्यापुरतंच, आता सोड.

आकडेमोड्या
समोरचा भारी असेल तर सीलिंगवालाच घे.

ग्वाल्हेरची_मंजू
आणि तो २ गुणांवर बसला की? मी फ्लोअरवालाच घेते.

आकडेमोड्या
म्हणूनच तुमचा संघ दरवर्षी मधेच लटकतो.

बडोद्याचे_मामा
पैसे लावलेत का? २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंद आहेत हो.

राजेंद्रनगर_इंदूर
नाही मामा, शेवटचा येईल त्याने पार्टी द्यायची. मंजूताई, जुळलं! पण नावापुढे 'क्यू' कसला आलाय?

ग्वाल्हेरची_मंजू
दुखापत आहे, खेळेलच असं नाही. कोण बाहेर ते सामन्याच्या दीड तास आधी कळतं. रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. एक पर्यायी खेळाडू तयार ठेव.

आकडेमोड्या
पर्यायी सीलिंगवाला.

बडोद्याचे_मामा
साडेदहाला तर तुमच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत ऐन गर्दी. भुट्ट्याचा कीस हल्ली कोणाकडे चांगला मिळतो रे?