मंडईचं नाटक आणि आपल्या शिट्ट्या

लहानी ताई: काल मंडईतलं, म्हणजे आपल्या झाडीपट्टीच्या गावजत्रेतलं, नाटक पाहून आल्यापासून डोक्यात एकच फिरून राहिलं. दुसऱ्या अंकात भाऊ आला, बहिणीला मारणाऱ्या जावयाचा हात मोडला, तर सारा मंडप शिट्ट्यांनी दणाणला. शेवटच्या अंकात तिनं स्वतः एकदा मुसळ हाणलं, तर सगळे चूप. अन् लगेच तिला नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवायला लावलं. काऊन?

मोठे मामा: बाई, भाऊ रक्षण करते. बायकोनं हात उचलला तं घर मोडते. लोकायले जे पटते तेच लिहितेत.

लहानी ताई: मामाजी, पाच वर्षं मार तिनं खाल्ला. घर तवाच मोडलं होतं ना जी. भावाचा राग पटते, मग तिचा काऊन नाही पटत?

दादा (वडसा): मी नाटकात ऑर्गनवर बसतो, मले समोरचे चेहरे दिसतेत. बाईच्या हाती हत्यार द्याचं असलं तं आमचे डायरेक्टर आधी लाल लाईट मारतेत, केस मोकळे, घंटा. देवी अंगात आली म्हणजे टाळ्या. साधी बाई उभी राहिली तं नाही.

आत्या: नागपूरले १३ ऑगस्ट २००४ ले कस्तुरबानगरच्या बायकायनं वस्तीले छळणाऱ्या गुंडाले, अक्कू यादवले, कोर्टातच जीवे मारलं. त्यायच्या अंगात कोणती देवी आली होती? तक्रारी करकरून थकल्या होत्या.

लहानी ताई: आत्या, ते घरातलं प्रकरण नव्हतं, अन् जीव घेणं मला बरोबर वाटत नाही, भावानं घेतला तरी. पण त्या साध्या बायकाच होत्या, हे खरं. २०१४ ले पुराव्याअभावी सुटल्या.

भाऊजी: उलटंही पाहा. नवरा बायकोच्या हातचा मार खाते तं नाटकात तो इनोदी पात्र. माझ्या ओळखीच्या एका माणसाचं कपाळ फुटलं होतं. पानठेल्यावर सारे हासले. त्यानं पुन्हा कोणाले सांगतलं नाही.

लहानी ताई: भाऊजी, हे अगदी खरं आहे. मारणारी बाई असली तर शिक्षाच नाही. कालचीच सासू पाहा. सुनेला चटके दिले, शेवटी दोन आसवं गाळली, सून पाया पडली, पडदा! नवऱ्याला झोडपाले भाऊ आला, सासूला साधा जाब विचाराले कोणी नाही आलं. कायद्यात तरी बरं, घरगुती हिंसाचाराची तक्रार फक्त ‘प्रौढ पुरुष’ाविरुद्ध असं होतं, ते शब्द २०१६ ले सुप्रीम कोर्टानं काढले, आता घरातल्या बाईविरुद्धही तक्रार होते.

अंगणवाडीवाली काकू: मले तं मुसळ उचलणारी एकही भेटली नाही बाई. मार खाणारी आहार घ्याले येते अन् दंडावर पदर ओढून घेते. विचारलं तं म्हणते, पाटा लागला. तिले कोणी सांगतलंच नसते का २००५ च्या त्याच घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं कोर्ट नवऱ्यालेच घराबाहेर राहाले लावू शकते. मी बायकायच्या मदतीचा १८१ हा फोन नंबर तिच्या कार्डाच्या मागं लिहून देतो.

दादा (वडसा): मग ताई, शेवट कसा पाहिजे? लेखक ओळखीचे आहेत.

लहानी ताई: तिला रडवू नका. देवीही करू नका. तिनं मुसळ खाली ठेवावं, पोराला जवळ घ्यावं अन् त्याच घरात राहावं. नवऱ्यानं बाहेर जावं. भाऊ आला तर तिच्या बाजूनं उभा राहावा, तिच्या जागी नाही.

आत्या: अन् सासू?

लहानी ताई: तिलाही जाब विचारा, आत्या. सुनेनंच विचारावा.

दादा (वडसा): शुक्रवारी तालीम आहे. सांगून पाहतो.